फुलदाणीचा चित्रकार : कृष्णाजी हौलाजी आरा



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. परंतु तो प्रत्यक्षात होतोच असे म्हणता येत नाही. चाचणी जवळ आली की तो गणितास दिला जातो. माहितीची पत्रके भरावयाची असली की ती त्याच तासात भरली जातात. ज्या दिवशी तास होतो त्या दिवशी फळ्यावर बहुधा एक फुलदाणी काढून दिलेली असते. तळाशी आडवी रेघ, दोन बाजूंस दोन वक्र रेषा, वर पाच-पाच पाकळ्यांची तीन फुले आणि डावी-उजवीकडे एकेक पान. मुले ती उतरवून घेतात. तीस मुलांच्या वर्गात तीस सारख्या फुलदाण्या तयार होतात व शाळाभेटीच्या वेळी त्या आम्हांस दाखविल्या जातात. तशी फुलदाणी त्या गावात कोणाच्याही घरी नसते, आणि तसले फूल सातपुड्यातील कोणत्याही झाडास लागत नाही.

प्रस्तुत पाठ ह्या फुलदाणीसंबंधीच आहे. जिला आपण तास भरून काढण्याचे साधन समजतो, तिच्यापुढे एक मनुष्य चाळीस वर्षे पुनःपुन्हा जाऊन बसला व त्या कामामुळे भारताच्या आधुनिक चित्रकलेत त्यास मानाचे स्थान मिळाले. त्यांचे नाव कृष्णाजी हौलाजी आरा. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्यास फारसे आले नाही. मोटारी धुऊन ते पोट भरीत असत. त्यांचा जीवनक्रम व कामाची रीत प्रथम पाहू, म्हणजे आपल्या वर्गात काय करता येईल याचा विचार करणे सोपे जाईल.

वस्तुचित्र हा प्रकार

अचल वस्तू, म्हणजे भांडी, फळे, फुले, पुस्तके इत्यादी, समोर मांडून त्यांवरून काढलेल्या चित्रास वस्तुचित्र अथवा स्थिरचित्र म्हणतात. आपल्या राज्याच्या कला संचालनालयाच्या चित्रकला परीक्षांमुळे ही दोन्ही नावे शिक्षकांच्या परिचयाची आहेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र व इंटरमिजिएटला स्थिरचित्र हा विषय असतो. परीक्षा झाली की विद्यार्थी त्या भांड्यांकडे पाठ फिरवितो, आणि त्यात नवल नाही. हा प्रकार पायरीचा आहे अशीच समजूत दीर्घकाळ चालत आली आहे.

ह्या समजुतीचे मूळ यूरोपात सापडते. १६६७ साली फ्रान्समधील राजाश्रित कला-अकादमीच्या व्याख्यानांस प्रस्तावना लिहिताना आंद्रे फेलिबियँ ह्या लेखकाने चित्रविषयांची उतरंड लावून दिली. इतिहास व पुराणांतील प्रसंग रंगविणारा चित्रकार सर्वांत वर. त्याच्या खाली व्यक्तिचित्रे काढणारा. त्याच्या खाली प्राणी व निसर्गदृश्ये काढणारे. आणि फळे-फुले रंगविणारा अगदी तळाशी. माणसाचे रूप काढणे कठीण, फुलाचे सोपे, असा त्यामागील हिशेब. ज्याने एकदा तरी झेंडूच्या फुलाचा गोलावा रंगांनी दाखविण्याचा प्रयत्न केला आहे, त्यास हा हिशेब पटणार नाही.

वस्तुतः त्याच शतकात शेजारच्या नेदरलँड्समध्ये फुलांच्या तैलचित्रांवर चित्रकारांचा संसार चालत होता. राखेल रुइश ह्या बाईंचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १६६४ चा. वडील शरीरशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांचे अध्यापक असल्यामुळे घरी वाळलेल्या वनस्पतींचा व कीटकांचा मोठा संग्रह होता. त्या पाहून मुलगी चित्रे काढू लागली. पंधराव्या वर्षी वडिलांनी तिला एका नामांकित पुष्पचित्रकाराच्या हाताखाली घातले. पुढे लग्न झाले, दहा अपत्ये झाली, आणि वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही त्या फुले रंगवीत होत्या. १७५० साली त्या वारल्या. त्या काळच्या डच पुष्पचित्रांत एक गंमत आढळते. वसंतात येणारे फूल व भर उन्हाळ्यात येणारे फूल एकाच फुलदाणीत डुलत असते. अशी फुलदाणी प्रत्यक्षात कधीही मांडता आली नसती. प्रत्येक फुलाचा अभ्यास ज्याच्या त्याच्या ऋतूत करून ठेवावयाचा व मग ते सर्व एका चित्रात जुळवावयाचे, अशी ती रीत होती.

आपल्याकडे १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाली आणि विलायती धर्तीचा अभ्यासक्रम आला. भांडी-फुले पाहून काढणे ही त्यात नवशिक्याची तालीम होती. हात बसला की विद्यार्थ्याने माणसाकडे वळावे, नंतर प्रसंगचित्राकडे. आरा यांनी तालमीची ही जागाच आपले कार्यक्षेत्र म्हणून निवडली.

आरा यांचा जीवनक्रम

आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळील बोलारम येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना आई वारली. घरी सावत्र आई आली, आणि सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईस पळून आला. सातवे वर्ष म्हणजे आपल्या हिशेबी दुसरी इयत्ता. पटावरील असा एखादा मुलगा ‘सतत गैरहजर’ ह्या शेऱ्याखाली जातो, व पुढे त्याचे काय झाले हे आपणांस कळत नाही. आरा यांचे काय झाले ते कळले आहे, म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यावयाचे.

मुंबईत त्यांनी घरगड्याचे व मोटारी धुण्याचे काम केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवासही भोगला. चित्रे काढणे चालूच होते; कामातून सुटल्यावर जो वेळ उरे त्यात ते होई. राहण्यास वाळकेश्वरच्या बाजूस एक लहानशी खोली. चित्रशाळा म्हणावयाची तर तीच.

ह्या सुमारास त्यांची चित्रे रूडॉल्फ फॉन लायडन यांच्या पाहण्यात आली. हे गृहस्थ मूळचे जर्मनीचे, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. नाझी राजवट येताच १९३३ साली ते मायदेश सोडून मुंबईस आले होते व टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहीत असत. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हेही तशाच आपत्तीमुळे मुंबईस येऊन त्याच वृत्तपत्रात कला-संचालक झाले होते. दोघांनी आरा यांस उत्तेजन दिले. केतकर यांच्या कलासंस्थेत त्यांचे काही शिक्षणही झाले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगे आहे. मोटार धुणाऱ्या नोकराची चित्रे समोर आली असता काय काय म्हणता आले असते? यथादर्शन चुकले आहे; रेषा कच्ची आहे; हे तुझे काम नव्हे. यांतील पहिली दोन वाक्ये कदाचित खरीही ठरली असती, कारण रीतसर शिक्षण झालेले नव्हते. परंतु ज्यांची नजर तयार होती त्यांनी प्रथम चित्रातील रंगांचा जोर पाहिला, उणीवा नंतर. चित्र तपासताना कोणती गोष्ट आधी पाहावयाची, ह्यात तपासणाऱ्याचे सारे कौशल्य असते. आपण बहुधा उलट क्रमाने पाहतो. लाल पेन हातात असले की डोळ्यांस चूकच प्रथम दिसते.

१९४२ साली आरा यांचे पहिले एकल प्रदर्शन मुंबईत भरले. १९४४ साली मराठ्यांच्या लढाईच्या चित्राबद्दल त्यांस गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. लढाई हा इतिहासातील विषय, म्हणजे फेलिबियँच्या उतरंडीतील सर्वांत वरचा. ह्या यशानंतर ते त्याच वाटेने गेले असते तर कोणासही आश्चर्य वाटले नसते. परंतु पुढे १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांस मिळाले ते ‘टू जग्ज’ ह्या चित्राबद्दल. टू जग्ज म्हणजे पाण्याची दोन भांडी. उतरंडीच्या शिखरावरून आठ वर्षांत ते आपण होऊन तळाशी आले, आणि मान मिळाला तो तेथेही.

ह्या दोन घटनांच्या दरम्यान, १९४७ साली, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, सदानंद बाकरे, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे आणि आरा असे सहा सभासद. स्वतंत्र भारतातील चित्रकलेचा इतिहास ह्या सहा नावांवाचून लिहिता येत नाही. ग्रुप फार वर्षे टिकला नाही. सूझा १९४९ साली लंडनला गेले, रझा १९५० साली पॅरिसला, त्यानंतर बाकरेही लंडनला. आरा मुंबईतच राहिले. आर्टिस्ट्स सेंटर ह्या कलावंतांच्या संस्थेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. नव्या व गरजू चित्रकारांस तेथे आधार मिळे. ज्यास एकेकाळी कोणी हात दिला होता, तो पुढे इतरांस हात देत राहिला. १९८४ साली ललित कला अकादमीने त्यांस आपले फेलो म्हणून गौरविले. १९८५ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

मनुष्याकृतीची चित्रेही त्यांनी पुष्कळ काढली व त्यांचीही चर्चा झाली. तथापि आरा हे नाव निघाले की डोळ्यांसमोर प्रथम येते ती फुलांनी भरलेली फुलदाणी.

रंगांनी शिकविलेला पाठ

आरा यांच्या कामातील एक गोष्ट शिक्षकांस फार उपयोगी पडण्यासारखी आहे. आरंभी ते जलरंग व अपारदर्शक जलरंग वापरीत. परंतु जलरंग पाण्याने पातळ करून हलका हात फिरविणे त्यांच्या स्वभावास मानवत नसावे. ते रंगाचे जाड थर देत. इतके जाड की चित्र तैलरंगात केल्यासारखे दिसे. दिसण्यास ते फार भारदस्त दिसे, परंतु काही काळाने त्या थरांना भेगा पडत.

भेगा का पडल्या हे समजण्यास आपल्या तलावाचे उदाहरण पुरे आहे. वैशाखात तलाव आटतो तेव्हा तळाच्या गाळास भेगा पडतात. काठावर जेथे गाळाचा पापुद्राच असतो तेथे पडत नाहीत, खोल गाळास मात्र हातभर पडतात. जलरंग म्हणजे रंगाची भुकटी, डिंक व पाणी. पाणी उडून गेले की थर आकसतो. पातळ थर कागदास धरून राहतो. जाड थर आकसताना फाटतो. हाच नियम भिंतीवरील मातीच्या गिलाव्यासही लागू आहे, आणि आपल्या मुलांच्या आया तो पुस्तकावाचून जाणतात. म्हणून तर त्या मातीत भुसा व शेण कालवितात.

ह्या अडचणीमुळे आरा तैलरंगांकडे वळले. तैलरंगात रंगाच्या भुकटीस बांधून ठेवणारे द्रव्य म्हणजे जवसाचे तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याचेच हे तेल. कोठे त्यास अळशीचे तेल म्हणतात. त्याचा विशेष असा की ते पाण्याप्रमाणे उडून जाऊन वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते व त्याची चिवट कातडी बनते. सर्व तेले असे करीत नाहीत. भुईमुगाचे तेल महिनाभर उघडे ठेवले तरी चिकटच राहील. जवस वाळते, म्हणून तैलचित्रे शतकानुशतके टिकून राहिली.

तैलरंग हाती आल्यावर आरा यांनी जाड थरांची हौस पुरवून घेतली असेल असे आपणांस वाटेल. घडले ते निराळे. तैलरंगात त्यांनी रंग पातळ वापरला. जलरंगात असताना तैलरंगासारखे काम करणारा चित्रकार तैलरंगात आल्यावर हात हलका ठेवू लागला. फ्रान्समधील पॉल सेझान याच्या वस्तुचित्रांचा संस्कारही ह्या कामात जाणकारांस दिसतो. भेगांनी जो धडा दिला तो एखाद्या शिक्षकाने शब्दांनी दिला असता तर इतका खोल रुजला असता की नाही, मला शंका आहे.

तैलरंगात फुले रंगविणारास आणखी एक पेच असतो. फूल एका दिवसात माना टाकते, आणि तैलरंगाचा थर वाळण्यास कित्येक दिवस लागतात. त्याशिवाय खालचा थर कमी तेलाचा व वरचा अधिक तेलाचा असावा लागतो. उलट झाल्यास वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि पुन्हा भेगा येतात. यास्तव चित्रकाराने काय करावे? एक तर फूल ताजे आहे तोवर एका बैठकीत चित्र उरकावे, किंवा डच चित्रकारांप्रमाणे अभ्यासचित्रे जवळ ठेवून सावकाश जुळवावे, किंवा फुलाचा तपशील सोडून त्याच्या रंगाचा व भाराचा जो ठसा मनावर उमटला तो रंगवावा. आरा यांची चित्रे ह्या तिसऱ्या प्रकारास जवळची आहेत. फुलाची जात ओळखण्यासाठी ती चित्रे नव्हेत. पाकळ्या मोजावयास गेल्यास हाती काही लागणार नाही. ठसठशीत रंगांचा गुच्छ, खाली भांड्याचा भरीव आकार, भांडे ज्यावर टेकले आहे ती जागा, आणि मागचा रंग. ह्या चारांचे एकमेकांशी काय नाते आहे ते पाहावे. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत. भ्रमणध्वनीवरही त्यांच्या चित्रांच्या प्रती सहज पाहावयास मिळतात. मात्र लहान पडद्यावर रंग भडक व चित्र गुळगुळीत दिसते, हे ध्यानात ठेवावे.

तीच फुलदाणी पुनःपुन्हा काढून कंटाळा कसा येत नाही, असा प्रश्न एका केंद्रसंमेलनात एका तरुण शिक्षकांनी मला विचारला होता. मी त्यांस कपाशीचे उदाहरण दिले. शहादा भागात कपाशीच्या शेतातून आपण रोज जातो. कपाशीचे फूल सकाळी उमलते तेव्हा पिवळसर पांढरे असते. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी दिसते आणि त्यानंतर कोमेजून गळते. एकाच झाडावर एका वेळी दोन्ही रंग असतात. किती जणांनी हे पाहिले आहे, असे विचारता तीन-चार हात वर झाले. ते तीन-चारही घरी शेती असणारे होते.

आपल्या वर्गात

प्राथमिक शाळेत तैलरंग आणू नयेत. ते महाग असतात, वास उग्र असतो, आणि काही रंगांत शिसे व कॅडमियमसारखी विषारी द्रव्ये असतात. परंतु जो पाठ आरा यांस रंगांनी शिकविला तो घरच्या साहित्यावर उत्तम शिकविता येतो. गेरू वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवावा. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर त्याचा पातळ हात द्यावा, दुसऱ्यावर बोटाच्या पेरभर जाड थर द्यावा, आणि दोन्ही खिडकीत ठेवावे. कोणत्यास भेगा पडतील हे मुलांनी आधी सांगावे, नंतर रोज पाहावे. त्याचप्रमाणे काचेच्या तुकड्यावर एका बाजूस जवसाच्या तेलाचा व दुसऱ्या बाजूस भुईमुगाच्या तेलाचा थेंब पसरून उन्हात ठेवावा. आठ-पंधरा दिवसांनी बोट लावून पाहिल्यास फरक कळतो. हा परिसर अभ्यासाचाही पाठ झाला व चित्रकलेचाही. एक दक्षता घ्यावी : जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि बोळ्यात ती कोंडून तो आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

आता प्रत्यक्ष चित्र. फळ्यावर काहीही काढू नये. वर्गाच्या मध्यभागी एका पाटावर घोंगडी वा गोणपाट अंथरून त्यावर एक तांब्या ठेवावा व त्यात त्या ऋतूतील एक फांदी. दसरा-दिवाळीस झेंडू आहे, माघ-फाल्गुनात पळस व पांगारा, चैत्रापासून बहावा. कण्हेर व धोतरा विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. उजेड एकाच बाजूने यावा. दुसऱ्या बाजूची खिडकी लावून घ्यावी. मुलांस सभोवती वर्तुळाकार बसवावे. पहिली दहा मिनिटे कोणीही पेन्सिल उचलावयाची नाही. फक्त पाहावयाचे व विचारल्यास सांगावयाचे. तांब्याचा काठ तुझ्या जागेवरून किती उघडा दिसतो? सर्वांत काळोखी जागा कोठे आहे? पळसाचा केशरी आणि त्याच्या देठाकडचा मखमली काळसर रंग, ह्यांपैकी तुझ्या बाजूने कोणता जास्त दिसतो? वर्तुळात बसल्यामुळे प्रत्येकास निराळे दिसते. साहजिकच शेजाऱ्याचे चित्र उतरवून घेण्यात अर्थ उरत नाही, आणि तीस सारख्या फुलदाण्यांचा प्रश्न शिक्षकाने न रागावता मिटतो.

अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर ह्या तालुक्यांतील शिक्षकांस ह्या दहा मिनिटांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पावरी, भिली, मावची बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा शाळेची मराठी त्यास परकी असते. पुस्तकातील प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ असूनही शब्द नसतात. तांब्यातल्या फांदीपुढे मात्र ते वर्गातील कोणाहून मागे नसते. बहुधा पुढेच असते, कारण ते झाड त्याने लांबून पाहिलेले नाही. फुलाचे नाव त्याने आपल्या बोलीत सांगावे व शिक्षकांनी ते फळ्यावर लिहावे. एका शाळेत एक मुलगी तीन महिने वर्गात बोलली नव्हती असे मला सांगण्यात आले. तिच्या कागदावर पळसाची काळी कळी अशी उतरली होती की ती हाताने चाचपावी असे वाटावे. वर्गशिक्षिकेने तो कागद भिंतीवर लावला, पण त्यावर नाव लिहिले नव्हते. मी ते लिहावयास सांगितले.

रंगांसाठी निधी नाही ही तक्रार येते व ती खोटी नाही. तथापि पळसाची फुले उकळून केशरी रंग होळीस घरोघरी होतोच. हळद, गेरू, चुना, काजळी व कोळसा गावात आहेत. पौष-माघात नंदुरबारच्या परिसरात मिरचीच्या पथाऱ्या पडतात; त्या पाहण्यास वर्ग नेल्यास लाल म्हणजे एक रंग नव्हे हे मुलांस सांगावे लागत नाही. ओली मिरची, सुकत आलेली, सुकलेली आणि सावलीत पडलेली असे चार लाल तेथे शेजारी-शेजारी असतात. आरा यांच्या फुलदाण्या समजून घेण्यास ह्याहून चांगली पूर्वतयारी मला सुचत नाही.

गुणांविषयी थोडेसे. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत ‘चित्र छान काढतो’ असे वाक्य सर्वत्र आढळते. त्यावरून मुलाविषयी काहीच कळत नाही. ‘तांब्याचा काठ प्रथमच लंबवर्तुळाकार काढला’, ‘सावलीस काळ्याऐवजी जांभळा वापरला’, अशी नोंद करावी. ती लिहिण्यासाठी चित्र पाहावे लागते, एवढीच काय ती अडचण.

शेवटची सूचना कागद जपण्याविषयी. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत व दक्षिणेकडील कारखान्यांकडे जातात. त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर जातात. जाणाऱ्या मुलाची चित्रे रद्दीत घालू नयेत. प्रत्येक कागदावर नाव व तारीख लिहून मुलागणिक सुतळीने बांधलेला एक गठ्ठा कपाटात ठेवावा. जाताना मुलाजवळ पेन्सिल व दहा-बारा कोरे कागद द्यावेत, आणि फडावर जे दिसेल ते काढून आणण्यास सांगावे. बहुतेक मुले फाल्गुन-चैत्रात परत येतात. त्या दिवशी हजेरी झाल्यावर जुना गठ्ठा सोडून त्याच्यापुढे ठेवावा, आणलेले कागद त्यात तारखेनुसार लावून घ्यावेत, आणि पाटावर तांब्या मांडून त्यास वर्तुळात त्याची जागा द्यावी. तेव्हा पळस फुललेला असतो.